बागेतील अळी : नाशापूर्वी ओळख

गुलाबाच्या किंवा मोहरीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला, की बाग राखणारा चिंतातुर होतो. नीट पाहू गेल्यास त्या दाटीतच एखादी हिरवट, चपटी अळी संथपणे सरकताना आढळते. सारे नुकसान हिचेच, असे समजून बहुधा तीच प्रथम चिरडली जाते. वस्तुतः ती सिर्फिड माशीची अळी असते आणि मावा हेच तिचे भक्ष्य होय.

ही चूक टाळावयाची तर प्रथम पाय पाहावेत. फुलपाखरे व पतंग यांच्या अळ्यांना सामान्यतः छातीवर सांधेदार पायांच्या तीन जोड्या आणि पोटाखाली काही मांसल पाय असतात. माशीच्या अळीला सांधेदार पाय मुळीच नसतात. सोंडेकिड्यांच्या अळ्याही पायांवाचूनच्या असतात. परंतु त्यांचे डोके कठीण व स्पष्ट दिसते. सिर्फिड माशी, फळमाशी व घरमाशी यांच्या अळ्यांचे पुढचे टोक निमुळते असून तेथे वेगळे डोके दिसत नाही. तोंडाशी केवळ बारीक आकडे असतात.

त्यानंतर अळी कोठे सापडली, याचा विचार करावा. माव्यात वावरणारी सिर्फिडची अळी एकेक कीटक तोंडाने उचलून त्यातील रस शोषते व रिकामी कातडी टाकून देते. वाढ पुरी होईपर्यंत एकच अळी शेकडो मावे फस्त करू शकते. कारले, दोडका किंवा भोपळा यांच्या गरात आढळणारी पांढरट अळी बहुधा फळमाशीची असते. ती पुढे मातीत शिरून कोषावस्थेत जाते. म्हणून किडकी फळे झाडाखाली पडू न देता वेळीच गोळा करून नष्ट करावीत. खताच्या खड्ड्यातील चपटी, करड्या-तपकिरी रंगाची व चामड्यासारख्या त्वचेची अळी काळ्या सैनिक माशीची असण्याचा संभव असतो. तिचे लहानसे डोके मात्र स्पष्ट दिसते. ती कुजणाऱ्या पदार्थांवर जगते. जिवंत झाडास तिचा उपद्रव नाही.

एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर माव्यात सापडलेली अळी काचेच्या बरणीत ठेवावी, तोंडाला विरळ कापड बांधावे आणि मावा असलेली ताजी डहाळी रोज आत घालावी. यथावकाश थेंबाच्या आकाराचा कोष तयार होतो. उबदार हवेत साधारणतः एक-दोन आठवड्यांत त्यातून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी बाहेर पडते. ती गांधीलमाशीसारखी भासते. पण तिला चारऐवजी दोनच पंख असतात आणि ती दंश करीत नाही. फुलांतील मध व पराग हे तिचे अन्न. त्यामुळे परागीभवनासही तिचे साहाय्य होते.

घाईने विषारी औषध फवारल्यास मावा व त्याचा शत्रू दोन्ही मरतात. परंतु माव्याची मादी नराशिवायही पिल्ले देऊ शकते. वाचलेल्या मूठभर माव्यांची संख्या त्यामुळे झपाट्याने वाढते, आणि त्यांना आवरणारी अळी तेव्हा शेंड्यावर उरलेली नसते.