ठग (शब्द)

ठग हा फसवणूक करणाऱ्या व्यक्तीसाठी मराठी व हिंदीत वापरला जाणारा शब्द असून तो एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रूढ झाला. त्याचे मूळ 'झाकणे, लपवणे' या अर्थाच्या धातूपासून बनलेल्या संस्कृत 'स्थग' (धूर्त) या शब्दात आहे. मराठीतील ठक, ठकवणे हे शब्द याच कुळातील होत.

इंग्रजीतील प्रवेश

सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांचा नर्मदाकाठचा प्रदेश १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तेथील नरसिंहपूर व जबलपूर येथे अधिकारी असलेल्या विल्यम स्लीमन यांनी ठगांविरुद्ध मोहीम चालवली. इंग्रजांच्या नोंदींनुसार, ठग सहप्रवाशाचे सोंग घेऊन वाटसरूंचा विश्वास संपादन करीत व नंतर गळा आवळून त्यांना लुटत. त्यांच्या सांकेतिक बोलीतील शब्दांचा संग्रह स्लीमन यांनी १८३६ मध्ये 'रामसीयाना' या ग्रंथात प्रसिद्ध केला. फिलिप मेडोज टेलर यांच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीमुळे हा शब्द इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाला.

अर्थबदल

इंग्रजीत 'थग' म्हणजे आज गुंड. त्यातील कपटाचा अर्थ मागे पडला. मराठीत मात्र तोच मुख्य अर्थ टिकून आहे. ठगाने हिंसा केलीच पाहिजे असे नाही. त्यामुळे भाषांतरात मराठी 'ठग' या शब्दासाठी 'स्विंडलर' किंवा 'चीट' आणि इंग्रजी 'थग' या शब्दासाठी 'गुंड' हे प्रतिशब्द अधिक योग्य ठरतात.