नौकांवरील मैला, सांडपाणी आणि वस्ती : काही वैधानिक संज्ञांचा विचार

कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को उपसागरात दीर्घकाळ बांधून ठेवलेली निवासनौका कायद्याच्या दृष्टीने ‘भराव’ होय, असे सांगितल्यास ऐकणारास ती थट्टा वाटेल. वस्तुतः ते अक्षरशः खरे आहे. १९६५ साली संमत झालेल्या मॅकअ‍ॅटीर-पेट्रिस अधिनियमात ‘भराव’ ह्या संज्ञेखाली मातीबरोबरच दीर्घकाळ एका जागी बांधलेली तरंगती बांधकामे येतात. आणि उदाहरण म्हणून निवासनौकांचा स्पष्ट उल्लेख केलेला आहे. उपसागर बुजवून जमीन करण्याचा सपाटा थांबवावा, हा त्या अधिनियमाचा उद्देश. जे पाण्याचा पृष्ठभाग कायमचा अडविते ते भराव, मग ते तळाशी असो वा तरंगत असो, अशी त्यामागील विचारसरणी दिसते.

ह्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या आयोगाने पाण्यावरील वस्तीचे दोन वर्ग कल्पिले आहेत. जी स्वतःच्या बळावर जलप्रवास करू शकत नाही ती निवासनौका. जी करू शकते, परंतु घर म्हणून वापरली जाते, ती ‘वस्तीची नौका’. ही दुसरी केवळ मरीनात, म्हणजे खाजगी नौकांसाठी बांधलेल्या आश्रयस्थानात, राहू शकते. आणि तेथील मंजूर जागांपैकी सामान्यतः १० टक्क्यांहून अधिक जागा अशा नौकांस देता येत नाहीत. सुरक्षेसाठी अधिक रहिवाशांची आवश्यकता सिद्ध केल्यास मात्र हे प्रमाण वाढविता येते. शौचालये, स्नानगृहे व मैला उपसून घेण्याची सोय मरीनाने पुरवावयाची असते.

आता मैल्याकडे वळू. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल अधिनियमातील ३१२ व्या कलमानुसार नौकेवरील ‘मैला’ म्हणजे मनुष्याची मलमूत्रे व शौचकूपातून येणारा निचरा. स्वयंपाकाचे व स्नानाचे पाणी ‘करडे पाणी’ म्हणून निराळे काढलेले आहे, आणि ते मैल्याच्या व्याख्येत बसत नाही. ह्यास अपवाद एकच : पंचमहासरोवरांतील व्यापारी नौका. म्हणजे तेच पाणी मिशिगन सरोवरातील मालवाहू नौकेवर मैला ठरते, आणि सॉसालिटोच्या धक्क्याशी बांधलेल्या नौकेवर ठरत नाही!

मराठी वाचकास हा भेद परका वाटू नये. मोरीचे सांडपाणी परसातील केळीला जाई. मैल्याची वाट वेगळीच असे. अलीकडील शासकीय व वृत्तपत्रीय मराठीत मात्र ‘सांडपाणी’ हा शब्द दोहोंसाठी सरसकट वापरला जातो. अशा नियमांचा अनुवाद करणाराने तो मोह टाळलाच पाहिजे. नाहीतर मूळ कायद्याने मोकळे सोडलेले भांडी घासण्याचे पाणी अनुवादात दंडनीय व्हावयाचे.

‘विसर्जना’च्या व्याख्येत तर क्रियापदांची रांगच लागलेली आहे : सांडणे, गळणे, उपसणे, ओतणे, बाहेर सोडणे, रिकामे करणे, टाकणे. आपल्याकडे ‘पाणी सांडले’ आणि ‘त्याने पाणी सांडले’ ह्या दोन्ही वाक्यांत धातू एकच. कर्ता असो वा नसो, पाणी जमिनीवरच. कायद्याची ही रांग तेच साधते. नळी आपोआप गळली, हे सांगून सुटका होत नाही. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय मारपोल करारात तर ‘कोणत्याही कारणाने घडलेले’ असे शब्द घालून हेतूचा प्रश्नच मिटविला आहे. ह्या कराराचे मैल्याविषयीचे चौथे परिशिष्ट २००३ साली अमलात आले. परंतु ते आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी आहे, लहान शिडाच्या नौकेस त्याची झळ पोहोचत नाही.

नौकेत बसविलेल्या शौचकूपास तीनपैकी एका प्रकारचे उपकरण जोडावे लागते. पहिल्या प्रकारात प्रक्रियेनंतर १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जंतूंची संख्या १,००० पर्यंत चालते, दुसऱ्यात २०० पर्यंत. तिसरा प्रकार म्हणजे मैला साठवून ठेवणारी टाकी. पहिला प्रकार ६५ फुटांपर्यंतच्या नौकांसच चालतो. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत सोडण्यास मनाई आहे. काही जलभाग, उदाहरणार्थ रिचर्डसन उपसागर, ‘विसर्जनमुक्त’ ठरविलेले असून तेथे प्रक्रिया केलेला मैलाही सोडता येत नाही. तेथे झडप बंद करून तिची मूठ काढून ठेवावी, तिला कुलूप घालावे किंवा न सुटणारी तार बांधावी. नाहीतर शौचकूपाच्या दारालाच कुलूप लावावे. येथे नियमाने मालकाच्या शब्दावर विसंबण्याचे नाकारले, हे प्रस्तुत लेखकास योग्य वाटते.

ज्यांना मरीनाचे भाडे परवडत नाही, किंवा १० टक्क्यांत ज्यांचा समावेश होत नाही, असे लोक ह्याच रिचर्डसन उपसागरात उघड्यावर नांगर टाकून वर्षानुवर्षे राहत आले. स्थानिक भाषेत त्यांना ‘नांगरून बाहेर राहणारे’ अशा अर्थाचे नाव आहे. आयोगाच्या वर्गीकरणात त्यांना कायमची जागा नाही. मरीनातील रहिवाशासारखी मैला उपसून घेण्याची सोय त्यांच्या उशाशी नसते, हे खरे. पण त्यांच्याविरुद्धचा अधिक भक्कम आक्षेप नांगराच्या साखळीचा आहे. ती तळाशी फिरत राहून समुद्रगवत खरवडून काढते, आणि त्याच गवतावर हेरिंग मासे अंडी घालतात. २०२१ साली आयोग व स्थानिक प्राधिकरण यांच्यात झालेल्या करारान्वये ह्या वस्तीच्या नौका हलविण्यासाठी ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरविण्यात आली. करारात मोजल्या आहेत त्या नौका. त्यांवरील माणसांनी जावे कोठे, हा प्रश्न ‘भराव’ ह्या संज्ञेत मावणारा नाही.