माजघरात चालेल अशी लेन्स

पहाटे सव्वापाच

बाहेर श्रावणाची झिमझिम आहे. टेबलावर तीन लेन्स ओळीनं मांडल्यात. तिन्ही ३५ मिलिमीटरच्या, तिन्ही रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या. त्यातली रशियन ज्युपिटर-१२ माझी आहे, दोन उसन्या. १९५६ साली बाजारात आलेली कॅनन एफ १.८ ही आमच्या भागातल्या एका निवृत्त स्टुडिओवाल्या काकांची. फॉइगटलेंडरची नॉक्टन एफ १.४ पुण्याच्या मैत्रिणीची. या लेन्सची घडण जुन्या वळणाची, जन्म मात्र या शतकातला. मैत्रिणीचा भाऊ आज रात्री नऊला पुण्याला परत निघतोय आणि काकांनाही संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. कोणती ठेवायची ते आज ठरलंच पाहिजे.

मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लावून एकेक लेन्स आरपार बघते. ज्युपिटरच्या पुढच्या भिंगावर पुसण्याचे बारीक ओरखडे आहेत. त्यांनी फोटो फारसा बिघडत नाही. कॅननच्या मागच्या भिंगांवर अगदी फिकट धुरकट थर आहे, पण बुरशीचं जाळं नाही. जुनी लेन्स घेताना मी पहिली भीती बुरशीची धरते. नाशिकच्या पावसाळ्यात कपाटात नुसती ठेवलेली लेन्स दोन-तीन महिन्यांत कोळिष्टक धरते, आणि ते मुळं काचेत रुतवून बसलं की पुसून जात नाही. म्हणून माझ्या सगळ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतात.

एवढ्या जुन्या लेन्सच्या मागे लागण्याचं कारण माझं काम आहे. जुन्या नाशकातले वाडे पाडले जाण्याआधी त्या-त्या कुटुंबासाठी मी त्यांचे फोटो काढून ठेवते: ओसरी, चौक, माजघर, देवघर आणि तिथं राहणारी माणसं. माजघरात भर दुपारीही उजेड नसतो. फ्लॅश उडवला की तो काळोख मरतो, आणि त्या खोलीचं सगळं वय त्या काळोखातच असतं. म्हणून मोठ्या ॲपर्चरची लेन्स लागते. भिंतीला पाठ टेकून उभं राहावं लागतं, म्हणून रुंद कोन लागतो. आणि लेन्स लहान असावी लागते, कारण हातभर नळकांडं रोखलं की आजीबाई पदर सावरून गप्प बसतात.

सकाळी पावणेसात

गंगेवर येते. बाहेरचे लोक हिला गोदावरी म्हणतात, आम्हा नाशिककरांच्या तोंडी ती गंगाच. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत आहे. आज बुधवार, म्हणजे घाटावर आठवडे बाजार. ताडपत्र्या बांधणं चाललंय, मेथीच्या जुड्या सुटतायत.

इथं उजेड भरपूर, त्यामुळे एफ १.८ ची गरज नाही. बघायचंय ते वेगळंच. रेंजफाइंडरच्या लेन्सवर अंतराची पट्टी कोरलेली असते. ३५ ची लेन्स एफ ८ वर ठेवून पट्टी ५ मीटरवर लावली, तर साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं. मग फोकस न करता, कॅमेरा डोळ्याला न लावताही फोटो काढता येतो. हीच तर या लेन्सची जुनी ताकद.

कॅनन लावून दहा-बारा फोटो काढते आणि पायरीवर बसून स्क्रीनवर मोठे करून बघते. मागची मंदिराची शिखरं टोकदार आहेत, समोरचा कोथिंबीरवाला मात्र मऊ. दोष लेन्सचा नाही, अडॅप्टरचा. माझ्या सोनी ए७ टू मध्ये सेन्सरपासून माउंटपर्यंत १८ मिलिमीटर अंतर आहे, लायकाच्या एम माउंटला लागतं २७.८. मधले ९.८ मिलिमीटर अडॅप्टरनं भरून काढायचे. कॅनन जुन्या ३९ मिलिमीटरच्या आट्यांची, तिला २८.८ लागतात, म्हणून वर आणखी १ मिलिमीटरची चकती. ही बेरीज दशांश मिलिमीटरनं जास्त झाली तर ३५ च्या लेन्सचा फोकस १२ मीटरच्या पुढे जातच नाही. त्या भीतीनं अडॅप्टर बनवणारे तो किंचित पातळच ठेवतात. क्षितिज सुटत नाही, पण पट्टी खोटी पडते. दशांश मिलिमीटरनं पातळ अडॅप्टरवर पट्टी ५ मीटर दाखवते तेव्हा फोकस खरा ८ मीटरच्या पुढे गेलेला असतो, आणि तीन मीटरच्या आतला माणूस हातातून जातो. हे दुरुस्त करता येण्यासारखं आहे. वहीत टिपून ठेवते.

नऊ वाजता मिसळ, दोन चहा. पाऊस थांबलाय.

सकाळी दहा ते दीड

तिवंध्याजवळचा वाडा. दर्शनी लाकडी खांब, वर कडीपाट, मधे फरसबंद चौक. कुटुंब चार घरांत विभागलं गेलंय, पण आज सगळे जमलेत. पुढच्या महिन्यात वाडा रिकामा होणार आहे.

माजघरात शिरताच ज्युपिटर-१२ लावते, कारण तिला माझ्या मनात पहिल्यापासून जागा आहे. मुळात ती झाइसची बिओगॉन. लुडविग बेर्टेले यांनी १९३० च्या दशकात कॉन्टॅक्ससाठी रचलेली. महायुद्धानंतर ती रचना रशियनांच्या हाती गेली. तिचं मागचं भिंग इतकं मोठं आणि इतकं बाहेर आलेलं असतं, की कॅमेऱ्यात घालताना श्वास रोखावा लागतो. आरशाच्या कॅमेऱ्यात ती बसलीच नसती. आरशाला हलायला जागा ठेवायची, तर भिंगं सेन्सरपासून दूर ढकलावी लागतात आणि लेन्स फुगते. रेंजफाइंडरला आरसाच नसल्यामुळे भिंग थेट फिल्मच्या पुढ्यात नेऊन बसवता आलं, आणि म्हणून ही लेन्स मुठीत मावते. तिच्यातून तुळई सरळ दिसते. छताची एकही रेघ वाकत नाही. वाड्याचे फोटो काढणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

पण एफ २.८ वर शटर १/३० ठेवलं तरी आयएसओ ६४०० लागतो. शिवाय फोटोच्या दोन्ही कडा जांभळट आणि पुसलेल्या येतात. फिल्मला प्रकाश कितीही तिरका आला तरी चालत असे. डिजिटल सेन्सरवर मात्र काचेचं आवरण असतं, माझ्या कॅमेऱ्यात सुमारे २ मिलिमीटर जाडीचं. कडेला प्रकाश फार तिरका येतो, त्या काचेतून जाताना सरकतो आणि बारीक तपशील फराटा ओढल्यासारखा होतो. लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत ही काच खूप पातळ ठेवलेली असते, म्हणून तिथं हा त्रास कमी. तो कॅमेरा माझ्या आवाक्यात नाही. मला याच कॅमेऱ्यासाठी लेन्स हवीय.

मग नॉक्टन. माजघर एकदम उजळतं, २.८ पेक्षा १.४ ला चौपट प्रकाश. ०.७ मीटरपर्यंत जवळ जाता येतं, बाकीच्या दोघी १ मीटरवर अडतात. कडाही बऱ्या आहेत. पण तुळई मधोमध फुगून धनुष्यासारखी वाकते. संगणकावर ती सरळ करता येते, हे मला माहीत आहे. पण घरातल्या म्हाताऱ्या काकांनी स्क्रीनवर बघून विचारलं, "तुळई खचलीय का हो?" आणि मला ते फार लागलं. शंभर वर्षं भार पेललेलं लाकूड माझ्या फोटोत खचलेलं दिसू नये. दुसरी अडचण अशी, की १.४ वर फोकस करून ॲपर्चर २.८ ला आणलं की फोकस थोडा मागे सरकतो. ज्या आकड्यावर फोटो काढायचा त्याच आकड्यावर फोकस करायचा, हे शिस्तीनं जमतं. लहान मुलं पळत असताना शिस्त राहत नाही.

कॅनन लावते. एफ १.८, म्हणजे २.८ च्या जवळजवळ अडीचपट प्रकाश. तुळई डोळ्याला सरळ वाटते. खिडकीचा उजेड थेट आत आला की चित्रावर पातळ दुधाळ पडदा येतो. तो तिच्या मागच्या भिंगांवरच्या धुराचाही असेल आणि जुन्या कोटिंगचाही. पण सावल्या काळ्या ठिक्कर होत नाहीत. कोनाड्यातली समई, खुंटीवरची पिशवी, फळीवरचे डबे, सगळं त्या काळोखात हळूहळू दिसत राहतं, डोळे सरावल्यावर दिसतं तसं.

देवघराशी आजी बसल्यात. नव्वदीच्या पुढच्या.

"एवढासाच आहे होय गं कॅमेरा?"

"हो आजी. जुनी लेन्स आहे. तुमच्या लग्नाच्या सुमाराची असेल."

"मग चालतीय की अजून." आणि त्यांनी तांब्याचा मोठा गडू माझ्यापुढे सरकवला. "हे नाव काढ. सासूबाईंचं आहे."

गडूच्या काठाखाली नाव, गाव आणि सन ठोकून घातलेला. नाशिक म्हणजे तांब्या-पितळेचं गाव. भांडी बाजारातून आणलेल्या भांड्यावर नाव घालून घेणं घरोघरी होतंच. मी वाकले, आणि लेन्स अडली. १ मीटर. त्याच्या आत कॅननला दिसतच नाही. रेंजफाइंडरची जुळणी १ मीटरच्या आत नीट होत नसे, म्हणून त्या काळच्या लेन्स तिथंच थांबवलेल्या. दाराशी उभी राहून मी गडूचा फोटो काढला, पण नाव वाचता येईना.

पिशवीत आट्या असलेला दुसरा अडॅप्टर होता. त्याची कडी फिरवली की अख्खी लेन्स ४ मिलिमीटर पुढे सरकते. एवढंसं अंतर, पण कॅनन तीस सेंटिमीटरच्या आसपास जाऊन पोचली. अक्षरं आली. खोबणीत साठलेली चिंच आणि राखही आली. आजींना स्क्रीन दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

मग चौकात सगळ्यांचा एकत्र फोटो. माझा खरा निवाडा इथं होतो. कुटुंबाच्या फोटोत मधोमध कर्ते पुरुष आणि म्हातारी माणसं बसतात. दोन्ही कडांना कोण उभं राहतं? सुना, आणि त्यांच्या कडेवरची पोरं. लेन्सच्या कडा खराब असतील तर नेमके त्यांचेच चेहरे पुसट होतात. पन्नास वर्षांनी हा फोटो बघणाऱ्या नातीला तिची आजी कडेलाच शोधावी लागणार आहे. म्हणून मधल्या भागाची धार कितीही कौतुकाची असली, तरी मी आधी कडा बघते. तिन्ही लेन्सनी एफ ५.६ वर तोच फोटो काढला. ज्युपिटरच्या डावीकडची सून ओळखू येते, पण तिच्या साडीची नक्षी गेली आणि पांढरी भिंत जांभळी झाली. नॉक्टनमध्ये ती स्वच्छ आहे. कॅननमध्ये अगदी टोकाचा कोपरा मऊ आहे, तिचा चेहरा मात्र आहे.

दुपारी तीन

पांडव लेणी. पायऱ्या ओल्या आहेत, धाप लागते. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक. इथून जाताना मला दर वेळी वाटतं, त्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला तेव्हाची फिल्म किती उपाशी होती उजेडाला. पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' काढून ते नाशिकला आले. उन्हाची वाट बघण्यातच त्यांचे केवढे तास गेले असतील.

लेण्यांत तिपाईला वेगळी परवानगी लागते, म्हणून हातातच कॅमेरा. कॅमेऱ्याच्या मेनूत ३५ हा आकडा स्वतः भरावा लागतो. जुनी लेन्स कॅमेऱ्याला काहीच सांगत नाही, आणि आकडा चुकला तर हात स्थिर धरणारी यंत्रणाही चुकते. तिसऱ्या लेण्यात, जिथं गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाची, सातकर्णीची थोरवी कोरून ठेवलीय, तिथं १/१५ वर कॅननचे पाचांपैकी तीन फोटो स्थिर येतात. अठराव्या लेण्यातल्या चैत्यगृहात नॉक्टन थोडी पुढे आहे. पण १.४ आणि १.८ मधला फरक दीडपटीच्या आसपासचा. तो मला आयएसओ वाढवून भरून काढता येतो. वाकलेली तुळई वाटेल तेव्हा सरळ करत बसायला मात्र मन घेत नाही.

संध्याकाळी साडेसहा

काकांकडे. स्टुडिओ बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली, पण भिंतीवर रंगीत पडदा अजून गुंडाळून टांगलेला आहे. फोटो दाखवते. ते चष्मा कपाळावर ढकलून लॅपटॉपला नाक लावतात.

"खिडकीसमोर दुधाळ मारतीय."

"हो काका. हूड लावून बघितलं तर?"

"पुढच्या आट्या ४० मिलिमीटरच्या आहेत तिच्या. हूड मिळायला फिरशील." ते उठून आतल्या कपाटातून काळा पत्र्याचा हूड घेऊन आले. कडेचा रंग उडून खालचं पितळ उघडं पडलंय. "आणि आतून साफ करून घे. इथं कुणाला उघडू देऊ नको. मुंबईला बोरा बाजारात जा, माझं नाव सांग."

मी किंमत विचारली. लायकाच्या त्या काळच्या समिलक्ससाठी लोक लाखांत पैसे मोजतात. ही त्याच्या जवळपासही नाही, तरी माझ्या दोन वाड्यांच्या कामाइतकी आहे. काकांनी तीन हप्ते करून दिले.

"तुम्ही हिच्यानं काय काढायचात?" मी विचारलं.

"बारशी," काका म्हणाले. "पाळण्याखाली उजेड कुठं असतो?"

रात्री साडेनऊ

नॉक्टन पुसून, दोन्ही टोप्या लावून मैत्रिणीच्या भावाच्या हाती दिली. ज्युपिटर डब्यात गेली. उन्हातल्या रिकाम्या वाड्यांसाठी ती राहील.

आता जमिनीवर मोजपट्टी पसरलीय. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलंय. कॅमेरा बरोबर २ मीटरवर ठेवून स्क्रीनवर अक्षरं दहापट मोठी करते, फोकसची कडी फिरवते, अक्षर धारदार झालं की थांबते. कॅननवरची पट्टी दीडच्या जरा पुढे दाखवतेय. तिथं सुईच्या टोकानं पांढऱ्या रंगाचा ठिपका देते. मग ३ मीटर. दुसरा ठिपका. ५ साठी खोली पुरत नाही; दार उघडून, कॅमेरा घेऊन जिन्याच्या तोंडाशी जाते.