‘कासव’ : खचलेल्या माणसाजवळ कसे बसावे

ताप, टीबी, शुगर, बीपी यांबद्दल वस्तीत आपण नळावरसुद्धा मोकळेपणी बोलतो. मनाच्या आजाराचा विषय निघाला की मात्र आवाज खाली जातो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही एका सिनेमाबद्दल लिहीत आहोत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा मराठी चित्रपट वाशीत आमच्या बायकांच्या गटाने एकत्र बसून पाहिला.

गोष्ट साधी आहे. जगणे नकोसे झालेला एक तरुण रस्त्यात अर्धमेल्या अवस्थेत जानकीला सापडतो. ती त्याला कोकणात समुद्रकाठच्या घरी नेते. जानकी स्वतः नैराश्यातून उपचार घेऊन सावरत असलेली बाई आहे. ती त्याला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, ‘असे का केलेस’ हेही विचारत नाही. तिच्यासोबतचा यदू त्याला खाऊ-पिऊ घालतो. जवळच किनाऱ्यावर दत्ताभाऊ समुद्री कासवांची अंडी जपत असतात. मादी वाळूत अंडी घालून निघून जाते. पिल्ले बाहेर येऊन स्वतःच्या पायांनी पाण्याकडे जातात. माणसाने करायचे एवढेच, की तोवर कुत्र्या-कोल्ह्यांपासून त्यांना राखायचे.

चित्रपट डोळ्यांना फार सुंदर दिसतो. ओली वाळू, राखाडी समुद्र, अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा. बराच वेळ कोणी काही बोलतच नाही. सुरुवातीला आमच्यातल्या काहीजणी चुळबुळत होत्या. नंतर कळले, की ही शांतता मुद्दाम ठेवली आहे. नैराश्यातल्या माणसाचा दिवस असाच सरकत नाही. इरावती हर्षे, आलोक राजवाडे, किशोर कदम यांनी कुठेही रडारड न करता ते दाखवले आहे. दत्ताभाऊ झालेले डॉ. मोहन आगाशे तर खऱ्या आयुष्यात मानसोपचारतज्ज्ञच आहेत.

७ एप्रिल २०१७ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ जाहीर झाले. तोच जागतिक आरोग्य दिन होता आणि त्या वर्षीचा विषय नैराश्य हाच होता. त्याच दिवशी मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

सुमित्राताई आपल्याला परक्या नाहीत. आठ दलित बायकांनी सांगितलेल्या जीवनकथा त्यांनी संकलित केल्या होत्या. गेल ऑम्वेट यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद ‘पॅन ऑन फायर’ नावाने १९८८ मध्ये निघाला. त्यांचा ‘बाई’ हा पहिला लघुपटही झोपडपट्टीतल्या बाईवर होता. १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या.

सिनेमा संपल्यावर एका ताईंनी रोखठोक विचारले, “तिच्याकडे समुद्राकाठचे घर आहे, गाडी आहे. आमच्याकडे दहा बाय दहाची खोली, त्यात पाच माणसे. आम्ही काय करायचे?” प्रश्न खरा आहे. मार्केटमध्ये वाराई करणारा, कंत्राटावर कचरा उचलणारा, नोकरी सुटलेला, परीक्षेत मागे पडलेला मुलगा कुठे जाऊन पडणार? त्याच्या दुखण्यात कर्ज, अपमान, बेकारी हेही असते. त्याचे उत्तर चित्रपट देत नाही.

पण जानकीने जे केले त्यातले बरेचसे बिनपैशाचे आहे. तिने त्याला एकटे सोडले नाही. वेळेवर ताट पुढे केले. तो चिडला तरी तिने मनाला लावून घेतले नाही. आपल्या दहा बाय दहातही एक कोपरा आणि ‘नाटक करतोय’ हा शब्द न उच्चारणारी चार माणसे देता येतात.

मात्र केवळ मायेने भागत नाही. जानकी स्वतः डॉक्टरांकडे गेली होती, हे विसरू नये. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आपण कुचकामी आहोत असे वाटत असेल, तर तो आजार आहे. अंगात आलेले नाही, करणीही नाही. ताईत बांधण्यात दिवस जातात आणि आजार वाढतो. गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

‘मरावेसे वाटते का?’ असे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे ठेवू नका, घातक वस्तू दूर करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आम्ही नर्स म्हणून काम करताना पाहिले आहे, की पोलीस केसच्या भीतीने घरचे खरे सांगत नाहीत आणि उपचाराचा वेळ जातो. २९ मे २०१८ पासून लागू झालेला वरचा कायदा सांगतो, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरावे, त्याला शिक्षा करू नये. त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

महापालिकेच्या वाशीतील रुग्णालयात केसपेपर काढताना मानसोपचाराच्या ओपीडीचा वार विचारून घ्या. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही सरकारी आहे. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ‘कासव’ मिळाला तर विहारात सगळ्यांनी मिळून पाहा. तरुण पोरांना पुढच्या रांगेत बसवा आणि संपल्यावर लगेच उठू नका, थोडे बोला.