कुलरच्या गावातली पहिली गिटार

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, लगेच मागून दमट पावसाळा. लाकडाला हे झेपत नाही. गिटारची पुढची पाटी अखंड लाकडाची असेल तर आवाज गोड, पण ती उन्हाळ्यात तडकू शकते. प्लायची पाटी बरंच सोसते, शिवाय स्वस्त. शिकाऊ हाताला तीच बरी. गिव्हसन, हर्ट्झ किंवा यामाहाची एफ-३१०, काहीही बघा. नावापेक्षा बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) तार किती उंच आहे ते मोजा. अडीच-तीन मिलिमीटर ठीक. चार असेल तर बोटं सोलून निघतात आणि पोरगं म्हणतं, मला जमतच नाही! मग प्रत्येक फ्रेटवर तार छेडून खरखर येते का ऐका. घरी आणल्यावर कुलरच्या झोतात मात्र ठेवू नका. ओल्या हवेने लाकूड फुगतं.