आधी हात, मग हिंमत

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावांतही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांचे फलक झळकू लागतात. आरशासमोर उभे राहून ‘मला जमेल’ असे दहा वेळा म्हणायचे, नजरेला नजर देऊन बोलायला शिकायचे आणि दोन-तीन दिवसांत मनातली भीती घालवायची, असा त्यांचा साधारण बेत असतो. यामागचा समज आपल्या घरांतही पक्का रुजलेला आहे. ‘हुशार आहे हो, पण कॉन्फिडन्स नाही,’ हे वाक्य पालकांच्या तोंडी किती सहज येते! आधी आत्मविश्वास यायला हवा, मग माणूस कामाला हात घालेल, शिकेल आणि यशस्वी होईल, असा क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. गेल्या पन्नास वर्षांतले मानसशास्त्रातले संशोधन आणि महाराष्ट्रातल्या काही शिक्षणसंस्थांचा अनुभव पाहिला तर मात्र हा क्रम बहुतांशी उलटा दिसतो. काम जमू लागले की विश्वास येतो, आणि तोही आधी त्या कामापुरताच येतो. हे लक्षात न आल्यामुळे ज्या मुलाला कुणी काही करूच दिलेले नाही, त्याच्या स्वभावालाच आपण दोष देत बसतो.

आधी विश्वास, मग कर्तृत्व, या कल्पनेची सर्वांत मोठी सरकारी परीक्षा अमेरिकेत झाली. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली जॉन व्हॅस्कोन्सेलोस या लोकप्रतिनिधीच्या आग्रहावरून आत्मसन्मानावर एक खास कृतिदल नेमले. लोकांचा स्वतःबद्दलचा आदर वाढवला की गुन्हेगारी, व्यसने, शाळेतली गळती असे प्रश्न आपोआप सौम्य होतील, अशी त्यामागची आशा होती. १९९० मध्ये अहवाल आला आणि अमेरिकेतल्या असंख्य शाळांनी मुलांना ‘तू खास आहेस’ असे सांगण्याचे उपक्रम हाती घेतले. २००३ साली रॉय बाऊमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. आत्मसन्मान आणि परीक्षेतले गुण यांचा थोडाफार संबंध त्यांना आढळला, पण आत्मसन्मान वाढवल्यामुळे गुण वाढतात असा पुरावा मिळाला नाही. उलट चांगली कामगिरी झाल्यामुळे स्वतःबद्दल बरे वाटते, असे म्हणायला अधिक जागा होती. स्वतःबद्दल आदर असलेली माणसे जास्त आनंदी असतात, हेही त्यांनी नोंदवले. ती काही लहान गोष्ट नाही, पण त्या आनंदातून कौशल्य निपजते असे त्यांना दिसले नाही.

मग विश्वास येतो कुठून? याचे सर्वांत नेमके उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अल्बर्ट बँड्युरा यांनी दिले. त्यांच्या प्रयोगांत सापाची जबर भीती असलेली माणसे होती. काहींना दुसरी माणसे साप हाताळताना दाखवली. काहींच्या बाबतीत मात्र शिकवणारा सोबत उभा राहिला आणि त्याने त्यांना एकेक पायरी चढवले. आधी काचेआडून पाहायचे, मग खोलीत यायचे, मग हातमोजा घालून स्पर्श करायचा, आणि शेवटी उघड्या हाताने साप धरायचा. ज्यांनी स्वतः हात लावला, त्यांची भीती नुसते पाहणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक ओसरली. १९७७ साली मांडलेल्या सिद्धान्तात बँड्युरा यांनी ‘हे मला करता येईल’ या भावनेचे चार उगम सांगितले. स्वतः काम करून आलेला यशाचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला ते जमताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन, आणि छातीची धडधड किंवा तळव्याचा घाम यांचा आपण स्वतःशी लावलेला अर्थ. यांत पहिला उगम सर्वांत भक्कम. आपली शिबिरे जवळजवळ सगळा भर तिसऱ्यावर, म्हणजे शब्दांवर देतात, आणि शब्द हे एकटे फार काळ टिकत नाहीत. पहिलेच काम फसले की ते विरून जातात.

इथे एक रास्त शंका येते. थोडा तरी विश्वास असल्याशिवाय माणूस सुरुवात कशी करणार? सापाच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहिले तर उत्तर सापडते. त्या माणसांकडे पहिल्या दिवशी विश्वास नव्हताच. पहिली पायरी घाबरलेल्या माणसालाही चढता येईल इतकी बुटकी होती, आणि शेजारी जाणता माणूस उभा होता. सुरुवातीला एवढे पुरते. म्हणून बुजऱ्या मुलाला धीर देण्यात शक्ती घालवण्यापेक्षा त्याच्यासाठी पायरी किती उंच ठेवायची, हे ठरवण्यात शिक्षकाचे खरे कसब आहे.

हे कसब पाहायचे असेल तर आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या वर्कशॉपमध्ये जावे. पहिल्या काही आठवड्यांत मुलांच्या हाती कानस आणि लोखंडाचा एक तुकडा येतो. तो व्हाइसमध्ये आवळायचा, कानशीने घासून सपाट करायचा आणि त्याच्या कडा एकमेकींशी काटकोनात आणायच्या. सांगायला सोपे, करायला महाकठीण. नवख्याची कानस पुढे जाताना डोलते, त्यामुळे तुकड्याच्या दोन्ही कडा झिजतात आणि मधला भाग फुगलेला राहतो. मुलगा तुकड्याला गुण्या लावतो आणि उजेडाकडे धरतो. पाते आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची फट दिसली की काम चुकले. वाद घालायला जागाच नसते. आधी अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची चूक चालते, पुढे हिशेब मिलिमीटरच्या शतांशांत जातो. इथे निदेशकाने पाठ थोपटली काय किंवा तो रागावला काय, फट आहे ती आहेच. आणि ज्या दिवशी ती दिसेनाशी होते, त्या दिवशी मुलाला जे कळते ते दुसऱ्या कुणीही त्याच्याकडून हिरावून घेऊ शकत नाही. आपल्या बहुसंख्य मुलांना शालेय जीवनात असा अनुभव एकदाही मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. निबंधाला दहापैकी सहा गुण का मिळाले, हे त्यांना कळत नाही. पुढच्या वेळी सात कसे मिळवायचे, हे तर त्याहून नाही.

विश्वासाचा पुरावा बाहेरून तपासता आला पाहिजे, या आग्रहाला आणखी एक कारण आहे. आपले मन या बाबतीत फार सहज फसते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढले. आठवडाभराने किती आठवेल, असे विचारल्यावर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना स्वतःबद्दल जास्त खात्री होती. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत तेच पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना उताऱ्याचा सुमारे ४० टक्के भाग आठवला, तर लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. म्हणजे ज्या पद्धतीने खात्री वाटत होती, ती शिकायला कमी उपयोगाची ठरली, आणि जी पद्धत अडखळायला लावत होती, तिने ज्ञान पक्के केले. आपल्याकडे अभ्यास म्हणजे हायलायटर घेऊन तेच पान तिसऱ्यांदा वाचणे. आयुष्यभर कामी येणारे एकच कौशल्य निवडायला सांगितले तर मी हे निवडीन: आपल्याला खरेच येते का, हे पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, स्वतःच तपासण्याची सवय. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ती जितकी उपयोगाची, तितकीच चाळिशीत नवे सॉफ्टवेअर शिकणाऱ्या लेखापालाला.

व्यवहार जाणणारे लोक इथे म्हणतील, हे सगळे ठीक, पण मुलाखतीत निवड होते ती ठासून बोलणाऱ्याची. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. लहान गटांत जो आधी आणि ठामपणे बोलतो त्यालाच इतर लोक अधिक सक्षम समजतात, मग त्याची प्रत्यक्ष क्षमता तशी असो वा नसो, असे संशोधनातही आढळले आहे. यावर माझे म्हणणे असे की, बोलणे हेसुद्धा एक काम आहे आणि तेही कानशीच्या कामासारखेच शिकावे लागते. पाच मिनिटांत आपला प्रकल्प समजावून सांगायचा, ते फोनवर रेकॉर्ड करायचे, ऐकायचे, कुठे भरकटलो ते कागदावर टिपायचे आणि पुन्हा सांगायचे. असे महिनाभर करणाऱ्या मुलीला छाती पुढे काढून चालण्याचे धडे लागत नाहीत. आणि आधी आपल्या भाषेत हे नीट जमू द्यावे. मराठीत मुद्दा मांडता येत नसेल तर इंग्रजी संभाषणाच्या वर्गातून पाठ केलेली वाक्ये पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला संपतात.

याहून गंभीर आक्षेप समाजाकडून येतो. कौशल्य असूनही ज्याला सतत कमी लेखले जाते, त्याने काय करावे? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. कुणाची जात जाहीर केलेली नव्हती तेव्हा दलित आणि उच्चवर्णीय मुलांची कामगिरी सारखीच होती. पण मुलांचे, वडिलांचे, आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशाच पार्श्वभूमीची होती, कोडीही तशीच होती. तेव्हा आत्मविश्वास हा एकट्या माणसाच्या मनाचा मामला आहे, असे सांगणे अन्यायाचे आहे. विश्वास कामातून येतो हे खरे, पण ते काम कुठल्या नजरांसमोर करावे लागते, यावर बरेच काही ठरते.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे पुरते उमगले होते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत, आणि स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामे मिळून करत. वसतिगृह चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. पुढे ‘कमवा आणि शिका’ योजनेतून गरीब मुले श्रम करून कॉलेजचे शिक्षण घेऊ लागली. या व्यवस्थेकडे आपण सहसा गरिबीवरचा उपाय म्हणून पाहतो. माझ्या मते ती तितकीच विश्वास घडवण्याची व्यवस्था होती. ज्या मुलाच्या घरात त्याआधी कुणी शाळा पाहिली नव्हती, त्याला रोज दोन पुरावे मिळत होते: आपण आपले पोट भरू शकतो, आणि आपल्यासारखाच शेजारचा मुलगा मॅट्रिक होऊ शकतो. बँड्युरांच्या यादीतले पहिले दोन उगम साताऱ्यात त्यांच्या सिद्धान्ताच्या अर्धशतक आधी वाहत होते.

हाच धागा पुणे जिल्ह्यातल्या पाबळला पुन्हा दिसतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम स्थापन केला. मुलांनी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया यांतले थोडे थोडे सगळे शिकायचे आणि शिकता शिकता गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा द्यायच्या, ही तिथली रीत. गिऱ्हाईक खरे असल्यामुळे फाटकाची बिजागरी कुरकुरली की तक्रार येते आणि ती दुरुस्त करावी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्यासाठी. दिशा योग्य आहे, पण प्रमाण फारच थोडे. दहा दिवसांत ओळख होते. चुकणे, सुधारणे आणि जमणे हा पूर्ण फेरा होत नाही, आणि विश्वास तर त्या फेऱ्यातूनच येतो.

आज शिकलेले कौशल्य दहा वर्षांनी यंत्राने गिळले तर, ही धास्ती अलीकडे सगळ्यांनाच आहे. कानस चालवणाऱ्याचा हात संगणकावर आपोआप चालणार नाही, हे मान्य. एका विषयातली तयारी दुसऱ्यात फारशी उतरत नाही. पण ज्याने एक अवघड काम नवखेपणापासून हातवळणी पडेपर्यंत नेले आहे, त्याला त्या रस्त्याची ओळख असते. सुरुवातीचे आठवडे लाजिरवाणे जातात, मध्ये प्रगती थांबल्यासारखी वाटते, आणि योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला की गाडे पुढे सरकते, हे त्याने भोगलेले असते. नवी गोष्ट शिकताना तो त्यामुळे लवकर हार मानत नाही.

या दृष्टीने मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुण्यातल्या पेठांमध्ये अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची. जागा थोड्या आणि अर्ज लाखांत असल्याने चार-पाच वर्षे झटलेल्या बहुतेकांच्या हाती ‘नाही’ एवढाच एक शब्द येतो. ती मुले खचतात, कारण एवढ्या काळात आपल्याला काहीतरी जमले याचा दुसरा पुरावाच त्यांच्यापाशी नसतो. त्यांना सकारात्मक विचारांची भाषणे ऐकवून भागणार नाही. आठवड्याला काही तास तरी त्यांनी असे काम करावे, ज्याचा निकाल आठवड्यातच कळतो: धाकट्या मुलांच्या शिकवण्या, भाषांतर, दुकानाचे जीएसटीचे हिशेब, गावाकडच्या शेतमालाची विक्री, जे ज्याला जवळचे असेल ते. त्यात अभ्यासाचा थोडा वेळ जाईल, हे घरच्यांनीही मान्य करायला हवे. हातात असे एखादे काम असले तर पुढच्या प्रयत्नाला बसायचे की थांबायचे, हा निर्णय मुलगी भीतीपोटी घेत नाही, हिशेब करून घेते.