चोवीस फूट कुठून आणायचे?

मुकादमाने जमिनीवर टेप सोडली आणि आयोजकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"एवढी जागा?"

"एकाला बारा, साहेब. दोन फूट चढायचं तर 24 फूट लागणारच."

तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर लोककला महोत्सवाचा मांडव पडत होता. व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांसाठी यंदा दोन फूट उंच लाकडी ओटा बांधायचा होता. मांडवाच्या कामात असलं काही सहसा नसतंच, म्हणून ते मुद्दाम पाहायला जावंसं वाटलं. गेल्या वर्षी या प्रेक्षकांची सोय पहिल्या ओळीच्या टोकाला केली होती. कानाशी स्पीकरचा मनोरा आणि रात्रभर मान वाकडी.

पण ओटा दोन फुटांचाच का? व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण चार फुटांवर असते. ढोलकी तापली की पुढचे लोक उठतात आणि उभ्या माणसाचं डोकं साडेपाच फुटांवर जातं. म्हणून दोन फूट, म्हणून पुन्हा 24 फूट. पाहुण्यांच्या सोफ्यांनी याहून कितीतरी जास्त जमीन अडवली होती, पण तिथे कोणी टेप लावली नाही.

मुकादमाने तोडगा काढला. उतार मधेच दुमडायचा: 12 फूट चढ, मग खुर्ची वळवायला 5 फुटांचा सपाट चौक आणि उलट फिरून उरलेले 12 फूट. खालचे पाइप तासाभरात उभे राहिले. खरा वेळ गेला तो प्लायवर. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट राहिली तरी खुर्चीची पुढची लहान चाकं अडकतात. वर आलेला प्रत्येक खिळा तो तळहाताने चाचपून पुन्हा ठोकत होता. चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून उताराच्या दोन्ही कडांना रिपा मारल्या. आयोजकांना वर लाल कार्पेट हवं होतं. "सुटं कार्पेट गोळा होतं, चाक त्यात रुततं," म्हणत त्याने ते गुंडाळून सोफ्यांकडे धाडलं.

संध्याकाळी गावातल्याच एक निवृत्त शिक्षिका आपली खुर्ची घेऊन आल्या. कोणाला हात लावू न देता त्या वर चढल्या, चौकात थांबल्या, वळल्या. मग पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पोरं बसवून त्यांना उभं केलं.

"दिसतंय. पण माझ्या बहिणीची खुर्ची मागे का ठेवलीय? आम्ही बोलायचं कसं?"

याचा विचार कोणीच केला नव्हता. सोबतीची खुर्ची शेजारी आली, दर दोन जागांमागे एक.

2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचं 29 वं कलम सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क सांगतं. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी राहून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राला बजावलं. मैदानावर मात्र हा हक्क एका मुकादमाच्या हट्टावर उभा होता. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी मंचाच्या कोपऱ्यात वेगळा दिवा हवा, नाहीतर रंगमंच अंधारला की तोही अंधारात जातो. ही मागणी "बघू" वर थांबली.

दिवे लागताना व्हिडिओवाले तिपाई घेऊन थेट ओट्यावर आले. इथूनच छान फ्रेम मिळते, म्हणाले.

मुकादमाने उताराच्या तोंडाशी दोरी बांधली. "तुमचा मचाण पलीकडे बांधलाय. शिडीने चढा."